घरातल्या वयस्कर माणसाची धाप वाढतेय: कधी थांबायचं, कधी पळायचं, डॉक्टरला काय सांगायचं

आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला धाप लागली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वय झालं आता, एवढं तेवढं होणारच". आणि हे वाक्य बहुतेक वेळा तो माणूस स्वतःच म्हणतो, म्हणजे घरातल्यांनाही बरं वाटतं, विषय संपतो. वयाने दम थोडा कमी होतो हे खरंय, पण तो वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या दिवाळीत दोन मजले गप्पा मारत चढणारी आई या संक्रांतीला पहिल्याच मजल्यावर कठडा धरून थांबत असेल तर ते वय नाही, आत काहीतरी सुरू झालंय आणि ते शोधावं लागतं. शेजारचे काका नव्वदीत फिरायला जातात की नाही याच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही, तुलना करायची ती त्याच माणसाच्या दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या दमाशी.

मी डॉक्टर नाही. सासूबाईंचं हार्ट आणि आत्याचं सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) अशी दोन्ही दुखणी घरात आहेत, त्यामुळे डॉक्टरांना विचारून विचारून आणि अनुभवाने जे कळलं ते एका जागी लिहितेय. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी हे बघा: आत्ताच निघायचं का

खालचं काहीही दिसत असेल तर पुढचं वाचत बसू नका, थेट १०८ लावा किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

बसल्या जागी धाप लागतेय आणि एक वाक्य सलग बोलता येत नाही, दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागतोय. ओठ किंवा जीभ निळसर, राखाडी पडलीय. छातीत दुखतंय, दडपल्यासारखं होतंय, किंवा जबडा, खांदा, हात, पाठ दुखतेय आणि दरदरून घाम सुटलाय. चांगलं बोलणारा माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलायला लागलाय किंवा सारखा पेंगतोय. चक्कर येऊन पडला. खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस येतोय. जेवताना ठसका लागला आणि त्यानंतर श्वास नीट होतच नाहीये. धाप काही मिनिटांत अचानक सुरू झाली, त्यातही अलीकडे गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालंय, बरेच दिवस अंथरुणात होते, किंवा एकच पाय सुजून दुखतोय (पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली की असं होतं). शांत बसलेले असताना मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास. ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली, आणि पुन्हा नीट मोजलं तरी तेवढंच. जुन्या सीओपीडीच्या काही पेशंटना डॉक्टरांनी ८८ ते ९२ असा वेगळा आकडा दिलेला असतो, त्यांच्यासाठी त्या आकड्याच्या खाली गेलं की. पण ऑक्सिजन ९६ दिसतोय म्हणून बाकीच्या लक्षणांकडे काणाडोळा करू नका, हार्ट अटॅकमध्येही ऑक्सिजन छान दिसू शकतो.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. डायबेटिस असलेल्यांना, बायकांना आणि एकूणच वय झालेल्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसती धाप, घाम, मळमळ, गळून गेल्यासारखं. आणि आपल्याकडे त्याचं नाव पडतं "गॅस". मग ओवा, इनो, छातीला बाम, पाठ चोळणे यात दोन-तीन तास जातात, आणि हार्टच्या बाबतीत तेच तास महत्त्वाचे असतात. धाप आणि घाम एकत्र असेल तर गॅस आहे की नाही हे ईसीजी काढल्यावर ठरवू द्या.

१०८ ला काय सांगायचं, आणि गाडी येईपर्यंत काय करायचं

१०८ महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. फोनवर घाबरून पूर्ण इतिहास सांगत बसायचं नाही. "बाबांचं वय ७६, श्वास घेता येत नाहीये, बोलता येत नाहीये, बीपी-शुगर आहे" एवढं आधी, मग पत्ता, जवळची खूण (देऊळ, शाळा, पेट्रोल पंप जे असेल ते), कितवा मजला, लिफ्ट आहे का. फोन चालू ठेवायचा कारण ड्रायव्हर रस्ता विचारायला फोन करतो आणि नेमका तेव्हा आपण सगळ्या नातेवाईकांना कळवत असतो. एका माणसाला खाली गेटपाशी उभं करा. गाडी लांब आहे असं कळलं आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर असेल तर स्वतःच्या गाडीने किंवा रिक्षाने निघालेलं बरं, फक्त पेशंटला आडवं नेऊ नका आणि मागे सोबत एक जण बसा. शक्य असेल तर वाटेतून हॉस्पिटलला फोन करून ऑक्सिजनचा बेड आणि ड्युटीवर डॉक्टर आहेत ना हे विचारा, नर्सिंग होमची पाटी असते पण रात्री आत फक्त वॉर्डबॉय असं होतं.

तोवर घरात काय करायचं. झोपवायचं नाही. धाप लागलेल्या माणसाला "जरा पडा" म्हणणं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते, आणि फुफ्फुसात पाणी झालेलं असेल तर आडवं केल्यावर जीव आणखी घुसमटतो. खुर्चीत बसवा, पाय खाली सोडलेले, पुढे टेबलावर किंवा उशीवर हात टेकून थोडं वाकलेले. खिडकी उघडा, पंखा तोंडावर येईल असा लावा, ब्लाउजची बटणं, नऊवारीचा किंवा पायजम्याचा कंबरेचा आवळ सैल करा. भोवती आठ जणांनी गर्दी करायची नाही. आधीपासून डॉक्टरांनी लिहून दिलेला तातडीचा पंप (इनहेलर) असेल तर तो त्यांनी सांगितलाय तसा द्या, स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी). पाणी पाजायची घाई करू नका, धापेत गिळताना ठसका लागतो. झोपेची गोळी अजिबात नाही. आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट (हार्टच्या दुखण्याची गोळी) शेजाऱ्यांनी दिली म्हणून ठेवू नका, बीपी आधीच पडलेलं असेल तर ती आणखी पाडते, डॉक्टरांनी याच माणसाला लिहून दिली असेल तरच.

जिने उतरवताना चालवायचं नाही. चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नसते, तेव्हा हात असलेली मजबूत खुर्ची घ्या (पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वजनाने फाकतात, लाकडी बघा), माणसाला ओढणीने किंवा पंच्याने खुर्चीला सैलसर बांधा, एक जण पाठीकडून आणि एक जण पायाकडून, पाय पुढे ठेवून सावकाश उतरा. एकदा रिकाम्या खुर्चीने वळणावर बसते का हे बघून ठेवलेलं असलं की वेळेला गोंधळ होत नाही.

आज नाही पण या आठवड्यात दाखवायलाच हवं असं

उशा वाढल्या. हे सगळ्यात बोलकं लक्षण, आणि कुणी सांगत नाही. आधी एका उशीवर झोपणारा माणूस दोन घेतो, मग तक्क्याला टेकून, मग सोफ्यावर बसूनच डुलक्या. आमच्याकडे सासूबाई "पाठ दुखते म्हणून टेकून बसते गं" म्हणायच्या, डॉक्टरांनी विचारलं आडवं पडल्यावर काय होतं, तेव्हा म्हणाल्या छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी दचकून उठून खिडकीशी जाऊन बसणं हेही तसलंच. ही दोन्ही हार्टकडे बोट दाखवतात, आणि ही नव्याने सुरू झाली असतील तर आठवडाभर वाट न बघता उद्याच दाखवा.

पायाला सूज: संध्याकाळी मोज्याचा, पैंजणाचा वळ खोल उमटतो, नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडतो. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, पाणी साठतंय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, याला थुंकीची टीबीची तपासणी लागते, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि औषधंही तिथेच फुकट. म्हाताऱ्या माणसांच्या न्यूमोनियात ताप नसतो कधीकधी, नुसतं जेवण सुटतं, असंबद्ध बोलणं सुरू होतं आणि श्वास भराभर चालतो. असं असंबद्ध बोलणं सुरू झालं तर मात्र ते वरच्या यादीत, लगेच न्यायचं.

खरं किती वाढलंय ते कसं काढून घ्यायचं

"धाप लागते का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणार, कारण ज्या कामाने धाप लागते ते काम त्यांनी गुपचूप सोडून दिलेलं असतं. देवळात जाणं बंद, कारण "गर्दी असते". भाजी आता पोरगा आणतो. कपडे वाळत घालायला वर हात केले की धाप लागते म्हणून खुर्चीवरच पसरून ठेवतात. आंघोळ झाली की दहा मिनिटं मोरीबाहेर स्टुलावर बसून राहतात आणि मग टॉवेल घेतात. म्हणून विचारायचं असं: मागच्या गणपतीत काय काय करत होतात जे आता करत नाही? आणि त्यांच्यासोबत एकदा कोपऱ्यापर्यंत चालून या, तुमच्या नेहमीच्या वेगाने, बोलत बोलत. कुठे बोलणं बंद पडतं ते बघा.

डॉक्टरांची एक पट्टी आहे ती घरच्या भाषेत अशी. शून्य म्हणजे फक्त जोराच्या मेहनतीला दम लागतो. एक म्हणजे घाईने चालताना किंवा चढावर. दोन म्हणजे सपाटीवरही बरोबरीच्या लोकांच्या मागे पडणं, किंवा आपल्याच चालीने जातानाही थांबावं लागणं. तीन म्हणजे शंभरेक मीटर, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत, गेलं की थांबणं. चार म्हणजे कपडे बदलतानाही धाप, घराबाहेर पडता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी एकवर होते आणि आता तीनवर आहेत, असं सांगितलं की डॉक्टरला एका वाक्यात सगळं कळतं.

मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर न्यूजर्सीला आणि आईवडील गावी, अशी परिस्थिती आता घराघरात आहे. त्यांनी व्हिडिओ कॉलवर "बरं आहे ना" एवढंच विचारून फोन ठेवू नये. कॅमेरा थोडा लांब ठेवायला सांगा म्हणजे मान आणि खांदे दिसतील, श्वास घेताना मानेचे स्नायू ताणले जातायत का, बोलताना वाक्य मध्येच तुटतंय का बघा. आईला रोजची रामरक्षा म्हणायला सांगा, पाठच असते, एका श्वासात आधी किती चरण व्हायचे आणि आता कुठे थांबावं लागतं हे दर रविवारी ऐकलं तरी फरक कानाला कळतो. ज्यांची रामरक्षा नाही त्यांना सलग आकडे मोजायला सांगा. आणि गावात कुणाकडे तरी घराची दुसरी किल्ली असू द्या.

जायच्या आधी दोन-तीन दिवसांची वही

आणीबाणी नसेल तरच हे, यासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

ऑक्सिमीटर लावायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा, हात गार असतील तर चोळून गरम करा, नेलपेंट किंवा गडद मेंदी असलेलं बोट नको, आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. लावल्या लावल्या दिसणारा ८६ बघून अर्ध्या सोसायटीला उठवू नका. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून ९३-९४ च्या आसपास घोटाळत असेल तर "नॉर्मलच आहे" असं समजू नका. बसलेलं असताना एकदा आणि घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चालून आल्यावर एकदा मोजा, चालल्यावर तीन-चारने खाली येत असेल तर ते डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे. बसल्या जागीच धाप लागत असेल तर ही चालण्याची परीक्षा घेऊ नका.

श्वास मोजताना सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि पोट-छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. बारा ते वीस ठीक. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन, एकाच काट्यावर. घरी मशीन असेल तर बीपी. रात्री कितीदा उठले, किती उशा.

आणि औषधांची पिशवी. यादी नको, पिशवीच न्या, रिकाम्या स्ट्रिपसकट. त्यात हे हमखास राहून जातं: गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या, कारण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात आणि कमकुवत हार्टवाल्याची धाप वाढवतात. काचबिंदूचे डोळ्यांचे थेंब, हो, डोळ्यांचे, टिमोलॉल नावाचे थेंब दमेकऱ्याची श्वासनळी आवळू शकतात आणि छातीच्या डॉक्टरला ते कुणी सांगतच नाही. चूर्णं, काढे, होमिओपॅथी, नातवाने पाठवलेली प्रोटीन पावडर, सगळं टाका पिशवीत, लाजायचं काही नाही. जुने ईसीजी, एक्स-रे, टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी), रक्ताचे रिपोर्ट तारखेने लावून. डॉक्टरला जुना आणि नवा ईसीजी शेजारी ठेवायला मिळाला की बरंच सोपं होतं.

कामधंद्याचंही लिहा. गिरणीत होते, दगडखाणीत, फाउंड्रीत, शेतात फवारणी. तंबाखू, बिडी, आणि मिश्री. बायकांच्या बाबतीत चूल किती वर्षं होती हे सांगाच. आत्याने आयुष्यात बिडी ओढली नाही पण साताऱ्याकडच्या घरात ती चाळीशीपर्यंत चुलीपुढेच होती, आणि तिचं फुफ्फुस बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला. आणि कबुतरं. खिडकीत, डक्टमध्ये, एसीच्या मागे कबुतरांचा वावर असेल तर ते आपणहून सांगा, विष्ठा-पिसांच्या धुळीने काही जणांच्या फुफ्फुसाला कायमची इजा होते. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद केला तेव्हा भांडणं झाली ती झालीच, पण छातीचे डॉक्टर ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते.

कुणाकडे जायचं

आपला फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसीन आधी. थेट हार्टवाल्याकडे गेलं तर तो म्हणतो हार्ट ठीक आहे, छातीवाल्याकडे गेलं तर तो म्हणतो फुफ्फुस तसं बरं आहे, आणि मधल्या मध्ये हिमोग्लोबिन सात आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. सत्तरीनंतर धापेची दोन-तीन कारणं एकत्र नांदतात, थोडं हार्ट, थोडा जुना धूर, थोडा ॲनिमिया, म्हणून सगळं एकत्र बघणारा एक माणूस लागतो आणि तो पुढे कुठे पाठवायचं ते सांगतो.

एक सावधगिरी. गल्लीतल्या दवाखान्यात धाप म्हटलं की डेरिफायलीन (श्वासनळी सैल करणारं) आणि डेक्साचं (स्टिरॉइडचं) इंजेक्शन, थोडी मशीनची वाफ, आणि माणूस तासाभरात तरतरीत. आराम पडतो म्हणून दर पंधरा दिवसांनी तेच चालू राहतं, शुगर वाढत जाते आणि मूळ कारण तसंच. एकदा दिलं तर हरकत नाही, पण दुसऱ्यांदा तीच वेळ आली तर "डॉक्टर, हे कशामुळे होतंय ते शोधायला काय तपासण्या करू?" असं स्पष्ट विचारा.

खेड्यात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग सिव्हिल. आशाताईंना सांगितलं तर कोणत्या दिवशी कोण डॉक्टर येतात ते त्यांना माहीत असतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मोठ्या शहरात केईएम, सायन, जेजे, ससून, नागपूरचं मेडिकल, इथे गर्दी भरपूर पण सगळ्या तपासण्या एका आवारात होतात. ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेसाठी घरातला तरणा माणूस आधी पाठवा आणि पेशंटला मागाहून आणा, व्हीलचेअर गेटवर मागितली तर मिळते.

पैशाचं आधी बघून ठेवा, ॲडमिशनच्या काउंटरवर नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, हेल्पलाइन १५५३८८. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून, आधार लागतं, चौकशी १४५५५ वर. दोन्हीत मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचे उपचार येतात, ओपीडीच्या गोळ्या नाही, आणि हॉस्पिटल योजनेत असावं लागतं. तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणारा माणूस) पहिल्याच दिवशी भेटा, डिस्चार्जच्या दिवशी भेटून उपयोग होत नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, माहिती आणि मदतीसाठी.

डॉक्टरसमोरची दहा मिनिटं

बाबा डॉक्टरसमोर गेले की एकदम ठणठणीत होतात. "काही नाही हो, ही पोरं उगाच घाबरतात." त्यांना तोडायचं नाही, त्यांचं झालं की शांतपणे वही पुढे करायची आणि तीन वाक्यं बोलायची: कधीपासून, आधी काय जमायचं आणि आता काय जमत नाही, सोबत काय आहे (सूज, खोकला, रात्री उठणं). उदाहरणार्थ, "दसऱ्यापर्यंत दोन मजले चढायचे, आता अर्ध्या मजल्यावर थांबतात. तीन आठवडे झाले. रात्री तीन उशा लागतात, पाय सुजतात." बास. सुरुवात १९९८ च्या हर्नियाच्या ऑपरेशनपासून करू नका, विचारलं तर सांगा.

साधारण पहिल्या फेरीत काय तपासण्या निघतात: ईसीजी, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनीन (किडनीसाठी), शुगर, थायरॉइड. हार्टचा संशय असेल तर टू-डी इको आणि बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी, ती बरीच महाग आहे पण धाप हार्टमुळे आहे की नाही हे ठरवायला उपयोगी पडते. फुफ्फुसासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची पीएफटी. यात वयस्कर लोक दमतात, नीट फुंकत नाहीत आणि रिपोर्ट भलताच येतो, म्हणून आधी घरी सांगून न्या की पूर्ण श्वास भरायचा आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवल्यासारखं एकदम सोडून तो तसाच शेवटपर्यंत रेटायचा. सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही, सांगितला तर कशासाठी ते विचारा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर समाधान मानू नका, रक्त कुठे जातंय (मूळव्याध, पेनकिलरने पोटात झालेला अल्सर, आतड्याचं काही) हा पुढचा प्रश्न आहे. आणि "टेन्शन आहे, बाकी काही नाही" हे निदान तपासण्या झाल्यानंतरच ऐकून घ्यायचं. भीतीनेही धाप लागते, पण ती शेवटी धरायची.

उठायच्या आधी विचारायचं: नक्की कशामुळे वाटतंय? कोणता आकडा किंवा कोणतं लक्षण दिसलं तर रात्री-अपरात्री यायचं? जुन्यातली कोणती गोळी बंद? परत कधी? उत्तर तिथेच कागदावर लिहून घ्या, घरी आल्यावर तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आठवतात.

घरी आल्यावर जिथे गाडी अडते

पंप. "सवय लागते", "शेवटचं औषध आहे", "लोक काय म्हणतील". पंपाचं औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून गोळीपेक्षा खूप कमी मात्रेत काम होतं, आणि सवय वगैरे काही लागत नाही. खरा घोळ घ्यायच्या पद्धतीत असतो. थरथरत्या हाताने दाबणं आणि श्वास ओढणं एका क्षणी जुळत नाही, औषध जिभेवर उडतं. स्पेसर मागून घ्या, आधी पूर्ण श्वास सोडायचा, मग दाबून सावकाश ओढायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, आणि स्टिरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं. पुढच्या भेटीत डॉक्टरसमोर किंवा सिस्टरसमोर एकदा घेऊन दाखवा.

लघवीची गोळी, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढणारी. लग्नाला जायचंय, एसटीचा सहा तासांचा प्रवास, वाटेत सोय नाही म्हणून आईने गोळी घेतलीच नाही, परतताना अजून एक दिवस नाही, आणि तिसऱ्या रात्री श्वास. बायकांच्या बाबतीत हे फार होतं आणि त्यांचं चुकत नाही, बसस्टँडची अवस्था आपल्याला माहितीय. डॉक्टरांना आधी विचारलं तर गोळीची वेळ पुढे-मागे करून देतात. मिठाचंही तेच, भाजीत मीठ कमी केलं पण ताटात लोणचं, पापड, सुकट आणि संध्याकाळी फरसाण-खारी आहेच. पाणी किती प्यायचं हेही हार्टवाल्यांना विचारून ठेवा.

धूर. मच्छर कॉइल, धूप, अगरबत्ती, फोडणीचा ठसका, दिवाळीचे फटाके. देव बंद करायला कुणी सांगत नाहीये, पण अगरबत्तीऐवजी फूल वाहिलं तरी चालतं असं आमच्याकडे गुरुजींनीच सांगितलं.

ऑक्सिजनचं मशीन स्वतःच्या मनाने भाड्याने आणून पाचवर लावू नका. काही सीओपीडीवाल्यांना जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. किती लिटर, दिवसातले किती तास हे लिहून घ्या, वीज गेली तर काय याची सोय (छोटा सिलिंडर) आधी करा, आणि मशीन देवघराच्या खोलीत ठेवू नका. नळी लावलेल्या माणसाने निरांजन ओवाळायचं नाही, गॅसपाशी जायचं नाही, घरात कुणी बिडी-सिगारेट पेटवायची नाही.

आणि दम लागतो म्हणून पूर्ण बसवून ठेवू नका, पायातली ताकद गेली की तेवढ्याच चालण्याला आणखी धाप लागते. डॉक्टरांना पल्मनरी रिहॅब (धाप लागणाऱ्यांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम) किंवा फिजिओथेरपिस्टबद्दल विचारा. चढताना नाकाने श्वास घ्यायचा आणि शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश सोडायचा, पायरी चढताना सोडायचा, हे त्यांच्याकडून नीट शिकून घ्या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस कोणती, कधी, हे त्याच भेटीत विचारून टाका, म्हणजे पावसाळ्याच्या आधी फ्लूची तरी घेऊन होते.